लाइन कोण जोडतो

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या वाचनालयात युद्धविषयक पुस्तकांचा कोपरा गेल्या रविवारी सकाळी दहा वाजता सुरू झाला. कपाटाच्या वर चार फोटो लागले. नाईक दत्ता भोईरचा फोटो लागला नाही. तो फोटो त्याच्या गावी, खारीला परत गेला.

पुस्तकं निवडण्याचं काम माझ्याकडे होतं. मी इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आमच्या सोसायटीत दुसरा फौजी नाही, एवढंच त्याचं कारण. मी यादी दिली. तीत फौजेच्या लंगरमधल्या एका स्वयंपाक्याच्या आठवणी होत्या, हरलेल्या लढाईवरचं एक पुस्तक होतं आणि रसदेवरचा एक जाड ग्रंथ होता: खेचरं, रस्ते, रॉकेल. वाचनालयाचे अध्यक्ष शहा निवृत्त बँक मॅनेजर आहेत. त्यांनी यादी वाचली आणि चष्मा काढला.

"सर, इसमें लढाई किधर है? खेचरं कोण वाचणार?"

"ज्याला लढाई समजून घ्यायची आहे तो."

"पब्लिकला जोश पाहिजे, सर. शाळेतली मुलं येणार आहेत."

तिन्ही पुस्तकं यादीतून गेली. त्यांच्या जागी मुखपृष्ठावर आग असलेली तीन आली.

पुस्तक पारखण्याची माझी पद्धत मुळात माझी नाही. ती भोईरची आहे.

मी तेव्हा हवालदार होतो. आमची पोस्ट उत्तरेकडे, उंचावर होती. नोव्हेंबरनंतर वाट बंद व्हायची. शेवटच्या रेशनबरोबर पुस्तकं वर यायची, बहुतेक लढायांचीच. माणसं जास्त आणि पुस्तकं कमी, म्हणून पुस्तक शिवणीवर फाडून त्याचे भाग करायचे आणि वाटायचे. कुणाला शेवट आधी मिळायचा, कुणाला मधलं. ज्याच्याकडे सुरुवात असेल त्याला जेवताना सगळ्यांना सांगावं लागे की हे भांडण मुळात कशावरून आहे.

भोईर आमचा लाइनमन. गाव खारी, भाईंदर पूर्व. वडील मिठागरावर कामाला होते. बर्फ पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडचंच हाय. फक्त खारट न्हाय." आमच्या पोस्टपासून वरच्या पोस्टपर्यंत टेलिफोनची केबल जायची. ती तुटली की शोधून जोडणं हे त्याचं काम. कुठल्याही पुस्तकाचा भाग हातात आला की तो आधी एकच गोष्ट शोधायचा.

"उस्ताद, इथं जनरल साहेब फोनवर ऑर्डर देतोय. लाइन कोणी टाकली?"

"ते लिहीत नाहीत."

"मग फोन लागला कसा? देवानं लावला?"

"गप वाच."

"वाचतोय. पण हे पुस्तक दुसऱ्या कुणाला देऊ नका."

जानेवारीत तीन दिवस सलग बर्फ पडला. वरच्या पोस्टवर एका जवानाला श्वास लागायला लागला. तिथे नर्सिंग असिस्टंट होता, औषधंही होती. कोणतं किती द्यायचं ते बेसवरचा डॉक्टर आमच्या एक्स्चेंजमधून टेलिफोनवर सांगत होता. सकाळी आठच्या सुमारास बोलणं मध्येच तुटलं. रेडिओ सेटच्या बॅटऱ्या थंडीने बसल्या होत्या. पोस्ट कमांडर सुभेदार साहेबांनी भोईरला बोलावलं.

"ब्रेक कुठे?"

"नाल्याच्या पलीकडे वाटतोय, साहेब."

"जाशील?"

"जातो."

एका जवानाला दोराने मागे बांधून तो निघाला. नऊ चाळीसला माझ्यासमोरच्या टेलिफोनची घंटी वाजली.

"लाइन ओके, उस्ताद. वर बोलून बघा."

"शाबास. परत ये."

"येतोय."

मी वरची पोस्ट जोडली. डॉक्टरने अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. दहाच्या आत उतारावरून बर्फ सुटला. दोर तुटला. मागचा जवान कमरेपर्यंत गाडला गेला होता, त्याला काढला. भोईर संध्याकाळी चारला सापडला. पक्कड मनगटाला बांधलेली होती. वरच्या पोस्टवरचा जवान वाचला.

त्या भागावरचा एकच मोठा इतिहास माझ्या वाचनात आला आहे. शहांनी तो यादीत ठेवला. त्यात आमच्या त्या हिवाळ्याला एक ओळ आहे. विशेष काही घडलं नाही, असं ती ओळ सांगते.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी भोईरची थोरली बहीण हिराबाई फोटो घेऊन वाचनालयात आल्या. फोटो टॉवेलात गुंडाळलेला होता. शहांनी समितीचा नियम सांगितला: ज्यांचा उल्लेख कपाटातल्या पुस्तकांत आहे, त्यांचेच फोटो लागतील.

"मी सांगतोय ना. मी तिथे होतो," मी म्हणालो.

"तुमच्यावर डाउट नाही, सर. पण छापलेलं पाहिजे. उद्या कोई भी फोटो लेके आएगा."

हिराबाई माझ्याकडे वळल्या. "दादा, मग असं एक पुस्तक सांगा, ज्यात आमचा दत्ता हाय."

"नाही, ताई."

"सगळी वाचली तुम्ही?"

"मिळाली तेवढी सगळी."

"मी हाय तवर हाय. माझ्या मागं त्याला कोण वळखणार?"

मी शहांना दोनदा भेटलो. नियम बदलला नाही.

रविवारी मला पाच मिनिटं दिली होती. विषय होता, युद्धावरची कोणती पुस्तकं वाचावीत. हिराबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, टॉवेल मांडीवर. मी तो इतिहास कपाटातून काढला आणि ती एक ओळ वाचून दाखवली. मग त्या सकाळी काय घडलं ते नाव, हुद्दा आणि वेळेसकट सांगितलं. पुस्तक हातात घ्याल तेव्हा त्यात लाइन कोण जोडतो ते आधी बघा, नसेल तर खाली ठेवा, असंही सांगितलं. शहा घड्याळ बघत होते.

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "त्या दिवशी शत्रूचे किती मारले?"

"एकही नाही."

ते खाली बसले. मागून हिराबाईंचा आवाज आला.

"दादा, त्यानं जोडलेली तार राहिली का?"

"राहिली, ताई."

मे महिन्यात आमची बटालियन खाली उतरली. नव्या बटालियनला आम्ही ती लाइन चालू स्थितीत सोपवली. नाल्यापलीकडचा जोड भोईरचाच होता.