जावेच्या दुकानासारखा काचेचा दरवाजा

माझ्या धाकट्या जावेने बेलवलीत दुकान काढलं तेव्हा मी सगळ्यांना पेढे वाटले आणि घरी येऊन भांडी आपटली.

माझं स्वतःचं दुकान गावाच्या दुसऱ्या बाजूला, कात्रपला आहे. मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. बाई साडी घेऊन येते, आम्ही साडीच्या रंगाचं कापड काढून देतो, एवढाच धंदा. जाऊ लग्न होऊन आली तेव्हा माझ्याच दुकानात उभी राहून आमसुली आणि डाळिंबी यांतला फरक शिकली. आता तिचं रेडीमेड ब्लाउजचं दुकान आहे. काचेचा दरवाजा, एसी, ट्रायल रूम, आलेल्या बाईला चहा. आणि भेटेल त्याला सांगणार, "हे सगळं ताईंनी शिकवलं हो." त्याने माझं डोकं आणखीच फिरतं. वाईट बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

मी भाजीच्या निमित्ताने बेलवलीला जायचे आणि तिच्या समोरच्या पपईवाल्याकडे उभी राहून आत किती बायका आहेत ते बघायचे. आमच्या घरी पपई कोणाला आवडत नाही. तरी त्या उन्हाळ्यात सारखी पपई होती.

मग मीही काचेचा दरवाजा बसवला. उल्हासनगरहून कारागीर आणला आणि त्याला बजावलं, काच बेलवलीच्या दुकानापेक्षा जाड पाहिजे. एसी लावला, छताला पांढरे झगझगीत दिवे लावले. उद्घाटनासारखं तोरणही बांधलं. त्यानंतर गिऱ्हाईक कमीच होत गेलं. मी त्याचा दोष सरळ जावेवर टाकला.

नवरा म्हणाला, "एक मेडिकलवाला जागा शोधतोय. दिवाळीनंतर गाळा त्याला देऊन टाकू. भाडं घरबसल्या येईल. तू आराम कर."

आराम हा शब्द मला आजारपणातला वाटतो. मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून मी या दुकानात बसते आहे. दुकान गेलं तर सकाळी स्वयंपाक आटोपल्यावर मी करायचं काय, हे त्याने सांगितलं नाही.

मुलगी मॅनेजमेंट शिकते. ती म्हणाली, "आई, रडू नकोस, स्वॉट करू."

"मी रडत नाहीये. आणि ते काय असतं?"

तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चार चौकटी आखल्या. आपली बलस्थानं, आपल्या उणिवा, बाहेरच्या संधी, बाहेरचे धोके. "खरं खरं भर," म्हणाली आणि कॉलेजला गेली.

मी दुपारभर भरलं. संध्याकाळी तिने वाचलं आणि हसायलाच लागली. "अगं, चारही चौकटींत काकू! धोक्यात काकू, ठीक आहे. पण बलस्थानात 'काकूपेक्षा जाड काच'? आणि संधीत हे काय, 'तिचा एसी बिघडला तर'?"

"खरं भर म्हणालीस ना?"

"काकूला बाजूला ठेव. दुकानाबद्दल लिही."

ते मला जमेना. शेवटी शनिवारी ती स्वतःच दुकानात येऊन बसली. एक बाई मोरपंखी साडी घेऊन आली. मी कापड काढलं. बाई ताग्याचं टोक धरून दाराकडे निघाली. मी नेहमीसारखी ओरडले, "बाई, दार लावा! एसी चालू आहे."

"उजेडात बघते ना जरा."

"आत काय कमी उजेड आहे? एवढे दिवे लावलेत."

बाईने दिव्याखाली बघितलं, "बघते नंतर" म्हणाली आणि गेली.

मुलगी म्हणाली, "आई, पूर्वी तू स्वतः तागा खांद्यावर टाकून पायरीवर जायचीस. सगळ्या बायका तिथेच रंग लावून बघायच्या. रस्त्यावरच्याही थांबायच्या."

उणिवांच्या चौकटीत, जावेच्या खाली, मीच लिहिलं होतं, 'हल्ली बायका कापड परत आणतात, रंग जुळत नाही म्हणतात.' त्या पांढऱ्या दिव्यांखाली मोरपंखी निळा दिसतो आणि आमसुली काळा. रेडीमेड विकणाऱ्या बाईला त्याने फरक पडत नाही. माझा सगळा धंदाच रंगाचा, आणि मी पैसे मोजून उजेड बंद करून घेतला होता. कारण जावेकडे काच होती.

सोमवारी दरवाजा काढला. एसी घरी बेडरूममध्ये लावला, नवरा खूश. पायरी धुतली, पूर्वीसारखी उन्हात कापडं धरायला लागले. बायका थांबायला लागल्या, पण पूर्वीइतक्या नाहीत. दिवाळी जवळ येत होती.

मग एक दिवस जाऊ आली. हातात एका गिऱ्हाइकाची चिंतामणी पैठणी. "ताई, या रंगात माझ्याकडे रेडीमेड नाही. अशा बायका रोज परत जातात. तुमच्याकडे पाठवू का? आणि तुमच्याकडे ज्यांना शिवायला वेळ नसेल, त्यांना माझ्याकडे पाठवा."

दुकानात बसलेली मुलगी माझ्याकडे अशी बघत होती की मला ती संधीची चौकट समोर दिसली. मला नाही म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं. पण पैठणी हातात घेतली, पायरीवर गेले, तागा काढला. रंग असा बसला की पैठणी कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होतं ते कळू नये.

जाऊ म्हणाली, "अशी नजर कोणाचीच नाही, ताई."

"पाठव," मी म्हटलं. "पण त्यांना सांगून ठेव, इथे चहा मिळत नाही."

तिने खरंच पाठवल्या. येतात त्या. कापड बघता बघता तिच्या दुकानाचं कौतुक करतात, आणि मी ऐकून घेते, कारण दिवाळीनंतरही दुकान चालू आहे. मेडिकलवाल्याला आम्ही दुसरा गाळा बघायला सांगितलं.

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "चला, वहिनींना नावं ठेवायचीस, शेवटी त्यांच्यामुळेच दुकान तरलं की तुझं."

आपल्या धाकट्या भावाच्या बायकोला हा वहिनी म्हणतो, तेही मला कधी आवडलेलं नाही. मी त्याला दुसरी पोळी विचारली नाही.