पाटाच्या भरावावरून

आई गेली त्याला महिना झाला होता, तरी माझं शरीर दर दोन तासांनी उठत होतं. तीन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, चादर ओढून सरळ करायची. पाठीला जखम होऊ द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि शेवटपर्यंत झाली नाही. मग एका सकाळी ती गेली. पलंग आतल्या खोलीतून निघाला, भिंतीवर त्याच्या उशाकडच्या कडेने घासलेली रेघ राहिली आणि माझ्या हातांना काही कामच उरलं नाही.

मी एका पाइप कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. ठिबकच्या नळ्या दाबाखाली किती टिकतात ते तपासायचं. आठ तास ते बरं चाले. घरी आले की मात्र बसवेना. धुतलेली भांडी पुन्हा धुवायचे. टीव्ही लागलेला असताना उठून गॅलरीत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे.

"बस ना जरा," नवरा म्हणायचा.

"बसलेच आहे," मी उभ्याने म्हणायचे.

धुळ्याचा माझा भाऊ मला चार दिवस विश्रांतीला म्हणून घेऊन गेला. वहिनीने मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. पहिल्या सकाळी मी पांझरेच्या काठाने इतकी लांब चालत गेले की भाऊ स्कूटर घेऊन शोधायला निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने मी जळगावला परत आले. घरात पिशवी ठेवली आणि कळलं, इथेही मला थांबायचं नाहीये.

खाली पार्किंगमध्ये मुलीची गिअरची सायकल होती. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून सायकलवर धुळीचा थर होता आणि दोन्ही टायर जमिनीला चिकटले होते. मी ती ढकलत सायकलवाल्याकडे नेली. त्याने चेन साफ केली, ट्यूब बदलल्या, पुढचा दांडा दाबून वरखाली करून बघितला.

"ताई, कोणाला चालवायचीय?"

"मला."

त्याने माझ्याकडे आणि मग माझ्या साडीकडे पाहिलं. "ही डोंगरातली सायकल आहे. बाजारात न्यायला दुसरी बघा."

"बाजारात नाही न्यायची," मी म्हटलं. कुठे न्यायची ते मलाही माहीत नव्हतं.

शहराच्या कडेला एक वनउद्यान आहे. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते; पण कुंपणाबाहेर, मागच्या बाजूला, मुरमाच्या टेकड्यांवरून शेळ्यांनी पाडलेल्या वाटा आहेत. निंब, हिवर, पळस, आणि मध्येमध्ये तरवडाची झुडपं. मुलीचा जुना ट्रॅकसूट घालून मी पहाटे तिथे जायला लागले. पहिल्या आठवड्यात चार वेळा पडले. कोपरं सोलली. उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, वजन मागे टाकायचं, नजर चाकावर नाही तर पुढच्या वळणावर ठेवायची, हे पडून पडून समजलं. सराट्याच्या काट्यांनी ट्यूब इतक्यांदा फोडली की पंक्चर काढायलाही शिकले. उतरताना डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नसायची. म्हणून मला उतार हवे असायचे. एक संपला की दुसरा.

पावसाळा संपेपर्यंत त्या टेकड्या मला पाठ झाल्या. पाठ झाल्या तशा त्या पुरेनाशा झाल्या. वळण येण्याआधीच हात वळायचे आणि मोकळ्या झालेल्या डोक्यात पुन्हा ती आतली खोली उभी राहायची. मग एका रविवारी मी गिरणेचा पूल ओलांडून पलीकडे गेले आणि मला पाट सापडला.

पाटाच्या एका कडेला भराव असतो, त्यावरून बैलगाडी जाईल एवढा कच्चा रस्ता. एका हाताला पाट, दुसऱ्या हाताला खाली कपाशीची, मक्याची वावरं. तो सरळ जातो, मग टेकाडाला वळसा घालतो, मग बाभळींमधून निघतो, आणि कुठे संपतो ते दिसतच नाही. मला तेच आवडलं. ओढ्यांचं पाणी भरावाखालून जायला मध्येमध्ये मोऱ्या आहेत; दर रविवारी मी मागच्या वेळेपेक्षा एक मोरी पुढे जायचे.

तिथे मला पाटकरी आबा भेटले. पाटाचं पाणी सोडायचं, शेतांकडे फुटणाऱ्या चाऱ्यांचे दरवाजे उघडायचे-लावायचे, कुठे फुटलं-झिरपलं ते बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीला आलेले, अंगाने वाळलेले, खांद्यावर कायम फावडं. पहिल्यांदा त्यांनी मला हात आडवा करून थांबवलं.

"कोठे जाई राहिनी वं माय?"

"पुढे."

"पुढे काय शे?"

"तेच बघायला चाललेय, आबा."

ते हसले. मग फावड्याने लांबवर दाखवून म्हणाले, "त्या तिसऱ्या मोरीना पुढे उतरी जाजो. पायी चाल. भराव पोकळ शे तठे, उंदीरसनी बठ्ठा पोखरी टाका."

तेव्हा मी ऐकलं. उतरले, शंभर पावलं सायकल हातात धरून चालले. पुढच्या रविवारीही उतरले. पण ती शंभर पावलं मला खायला उठायची. चालताना वेळ मिळतो, आणि वेळच तर मला नको होता.

"तुला नक्की पोहोचायचंय कुठे?" नवऱ्याने एकदा विचारलं. मी बुटाच्या नाड्या बांधत होते. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मला ते कळलं, तरी नाड्या आवळून मी निघाले.

जानेवारीत रब्बीचं पाणी सुटलं. पाट काठोकाठ नाही, पण चांगला छातीभर चालला होता. त्या रविवारी हवेत बोचरी थंडी होती. तिसरी मोरी आली आणि मी उतरले नाही. वाटलं, वेगात गेलं की झालं. भरावाची कड पाण्याच्या बाजूने ढासळलेली होती, उरलेली वाट हातभर रुंद. मी ती जवळजवळ पार केली होती. मग मागचं चाक खाली गेलं, माती आवाज न करता सुटली, आणि मी सायकलसकट पाण्यात पडले.

थंडीने श्वासच अडकला. पाय तळाला लागत होते, पण टिकत नव्हते. पाणी पुढे लोटत होतं. पाटाच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचा उतार, आणि त्यावर शेवाळ. मी हात टाकला की बोटं घसरायची. पुन्हा टाकला, पुन्हा घसरली. वरून बघताना तो उतार चार पावलांत चढून जावा असा वाटतो. खालून तो काच होता. एका हाताने मी सायकल धरून ठेवली होती, का ते मला आजही सांगता येणार नाही. ती मला खाली ओढत होती.

भरावाखालच्या वावरात बायका कापूस वेचत होत्या. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. त्यांच्यातली एक पन्नाशीची, धिप्पाड बाई भरावावर धावत येताना मात्र दिसली.

"सोड! सोड वं माय ती सायकल!"

तिच्या आवाजाने हात सुटला. सायकल गेली. बायकांनी कमरेला बांधलेल्या वेचणीच्या झोळ्या सोडल्या, दोन-तीन एकमेकींना गाठी मारून जोडल्या आणि माझ्यापुढे फेकल्या. पहिल्यांदा माझ्या हाताला लागल्या नाहीत. बायका पाण्याच्या पुढे पळाल्या, झोळ्या पुन्हा फेकल्या. मी कापड मनगटाला गुंडाळलं आणि चौघींनी मला पोत्यासारखं वर ओढलं. गुडघे, हनुवटी, सगळं खरचटलं. वर आल्यावर मी मातीत पालथी पडून राहिले.

त्यांनी मला बांधावरच्या झाडाआड नेलं, ओले कपडे काढायला लावले, आणि त्या मोठ्या बाईने जवळच्या आपल्या घरातून लुगडं आणून मला नेसवलं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ केला. स्टीलच्या पेल्यात काळा, गोड चहा दिला. माझे दात पेल्यावर वाजत होते.

"घरमा कोन कोन शेतस?" तिने विचारलं.

"नवरा आहे. मुलगी पुण्याला."

"नवरा मारस का?"

"नाही हो. चांगला आहे."

"मंग इतली कसाले पयस?"

एवढी कशाला पळतेस. जाळाकडे बघत मी म्हणाले, "आई गेली माझी." आणि रडू फुटलं. सुतकात रडले नव्हते. तेव्हा लोक म्हणत होते, सुटली बिचारी, तूही सुटलीस. आणि मी मान हलवत होते.

तिने मला रडू दिलं. मग विचारलं, "कितला दिन पडेल व्हती?"

"तीन वर्षं."

"मन्ही सासू पाच वरीस पडेल व्हती," ती म्हणाली. "ती गई, तवय मी बठ्ठं वावर दोनदा निंदं. गवत नव्हतं तरी निंदं." मग उठली, झोळी पिळून पुन्हा कमरेला बांधली आणि वेचायला गेली.

थोड्या वेळाने मीही उठले. कपडे वाळत होते, तोवर तिच्या शेजारच्या ओळीत उभी राहून वेचायला लागले. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटत होती. ती बाई पटापट दोन्ही हातांनी वेचायची आणि मी एकेक.

तेवढ्यात भरावावरून आबा येताना दिसले. माझी सायकल ढकलत. पुढचं चाक वाकलं होतं, ते दर फेऱ्याला दांड्याला घासत होतं. मी वावरातून धावत वर गेले. म्हटलं, "आबा, मिळाली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सायकल हातातून सोडून दिली. ती धाडकन पडली. ते खाली बसले.

"चारीना जाळीले अडकेल व्हती," ते म्हणाले. "माले वाटनं तू गई." त्यांनी मागे, जाळीच्या दिशेने बोट दाखवलं. "मी तठून आठेलोंग वरडत उनू. पाण्यामा देखत, वरडत. सांगेल व्हतं ना तुले?"

मी त्यांच्यासमोर त्या परक्या लुगड्यात उभी होते. माझी तगमग माझ्यापुरती आहे, असं मी धरून चालले होते. हा म्हातारा माणूस तासभर पाण्यात माझं प्रेत शोधत चालला होता, हे माझ्या हिशोबात कुठेच नव्हतं.

"चुकलं, आबा," मी म्हणाले. मी त्यांच्यासाठी चहा आणला. अर्धा पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो ओरडला नाही. त्याने माझ्या हनुवटीच्या जखमेला मलम लावलं. रविवारी म्हणाला, "लुगडं परत द्यायला मी येतो." आम्ही स्कूटरवर गेलो. त्याने त्या बाईला नमस्कार केला आणि तिथे जेवायला बसलो तेव्हा तिसरी भाकरी मागून घेतली. मी जेवण होईपर्यंत दोनदाच उठले.

चाक बदलून घ्यायला महिना लागला. मार्चमध्ये मी पुन्हा पाटावर गेले. तिसऱ्या मोरीपुढे आबांनी वाटेवर बाभळीच्या काट्यांचा मोठा भारा आडवा टाकून ठेवला होता, सायकल काय, शेळीही जाणार नाही असा. कोणासाठी ते विचारायची गरज नव्हती. मी सायकल खांद्यावर घेतली, भरावावरून खाली उतरले आणि वावराच्या बांधाने वळसा घालू लागले. ढेकळांतून चालायला बराच वेळ लागला. त्या वेळात आईची पाठ आठवली, वळवताना ती माझ्या मनगटाला धरायची ते आठवलं. मी चालत राहिले. घाम आला, खांदा दुखायला लागला, सायकल दुसऱ्या खांद्यावर घेतली. पुढे भराव पुन्हा धड झाला होता. वर चढले, पेडलवर पाय ठेवला आणि चौथ्या मोरीकडे निघाले.