पनवेलच्या निसरड्या रस्त्यावर

गाडी घसरते ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत, पण तो किस्सा ड्रायव्हरला जन्मभर पुरतो! आणि चार ड्रायव्हर रोज एका चिंचेखाली बसायला लागले की मग बघायलाच नको. एकाचं संपतं न संपतं तोच दुसरा म्हणतो, "हे काहीच नाही राव, माझं ऐका!"

मी पनवेलच्या बाजाराजवळ टॅक्सी चालवायचो तेव्हाचं सांगतो. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. गाड्या हँडल मारून सुरू व्हायच्या, गुळगुळीत टायरला आम्ही 'अजून चालतोय की' म्हणायचो, आणि पावसाळ्यात रस्त्यावर डांबर कमी, चिखल जास्त. आमच्यात सगळ्यात मोठे उस्मानचाचा. सगळ्यात धाकटा नामा, मिठागरावर राबणाऱ्या आगरी घरातला. बाकीचे आम्ही अधलेमधले.

* * *

नामा नवा होता तेव्हा चाचांनी त्याला पहिला धडा दिला. "बेटा, गाडी घसरली की ब्रेक दाबायचा नाही. पाय उचलायचा. मागची चाकं ज्या अंगाला पळतात, त्याच अंगाला स्टेअरिंग हळूच फिरवायचं."

"त्याच अंगाला? आनि खड्ड्यात गेली तर?"

"नाही जात. बायको रुसून निघाली तर हात धरून ओढशील का? दोन पावलं तिच्या बाजूनं चालायचं. मग ती आपणच वळते."

चाची जेवणाचा डबा घेऊन कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलंच नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "गाडीचं नशीब मोठं! माझ्यासोबत हे अजून अर्धं पाऊल चाललेले नाहीत."

आम्ही हसून हसून बेजार. चाचा मात्र जेवायला बसले. जेवण झाल्यावर रिकामा डबा स्वतःच्या हातात घेतला, डोक्यावर छत्री धरली आणि चाचींना घरापर्यंत सोडायला चालत गेले. छत्री सगळी चाचींच्या बाजूला!

* * *

एकदा रोडपालीजवळ रस्त्यावर ओला पेंढा सांडला होता. नामाला तो दिसला, पण उशिरा. ब्रेक दाबला आणि चुकला. गाडी भोवऱ्यासारखी गिरकी घेऊन उभी राहिली ती थेट पनवेलकडे तोंड करून!

मागच्या सीटवर एक म्हातारी मावशी मुंबईला लेकीकडे निघाली होती. मांडीवर सुक्या बोंबलांचं गाठोडं. तिनं खिडकीतून बघितलं. मघाशी डाव्या हाताला दिसलेला डोंगर आता उजव्या हाताला!

"काय रं, मागं फिरलास? काय राह्यलं काय?"

नामानं गाडी परत मुंबईच्या दिशेला वळवायला घेतली. तो म्हणाला, "जीव राह्यला व्हता, मावशे. घेतला. जाऊ आता!"

* * *

ओवे गावाच्या कच्च्या रस्त्यावरची गोष्ट माझीच. एक शेतकरी बाळंत झालेल्या लेकीला तिच्या सासरी पोचवायला निघाला होता. लेक, तिच्या कुशीत तान्हं, आणि खांद्यावर नवीकोरी घोंगडी घेतलेला बाप. गावाबाहेर पडलो आणि मागचं चाक चिखलात जे रुतलं, ते जागच्या जागी फिरायला लागलं. मी दगड घातले, फांद्या घातल्या. चाक खोलच जातंय! गाडीत गोणपाटसुद्धा नव्हतं, आणि वरून पाऊस छतातून आत गळत होता.

बाप खाली उतरला. काही न बोलता त्यानं घोंगडी काढली, दुमडली आणि चाकाखाली सारली.

"अहो बाबा, नवी आहे ना!" मी ओरडलो.

"घोंगडी धुतली का परत घोंगडीच व्हते," तो म्हणाला. "प्वार भिजतंय. तुमी गाडी काढा."

गाडी निघाली. त्यानं चिखलानं बरबटलेली घोंगडी पिळली, खांद्यावर टाकली आणि माझ्या शेजारी न बसता दाराखालच्या पायफळीवर उभा राहिला. का, तर माझी सीट खराब होईल! मी हाताला धरून त्याला आत बसवला. त्या सीटवरचा डाग मी बरेच दिवस काढला नाही.

* * *

चाचांचीही घसरली एकदा. वळणावर समोरून मिठाची बैलगाडी आली. ब्रेक दाबला असता तर घसरत बैलांवरच गेले असते. चाचांनी पाय उचलला, स्टेअरिंग वळवलं आणि गाडी सरळ बांधावरून भाताच्या खाचरात उतरवली. बैल वाचले, गाडीवान वाचला, चाचा बोनेटपर्यंत चिखलात!

शेताचा मालक धावत आला. चाचा म्हणाले, "माफ करा, तुमचं भात मोडलं."

मालकानं एकदा बैलांकडे बघितलं, एकदा चाचांकडे. मग म्हणाला, "लावनीला यायचं व्हतं तं पाटलून वर खोचून तरी यायचं, चाचा! चला, चा घ्या."

* * *

आणि आता नामाच्या आईचं सांगतो.

कर्नाळ्याच्या वळणावर नामाची गाडी घसरून चरात कलंडली. आत त्याची आई होती. तिचा हात मोडला. त्या दिवसापासून नामानं स्टेअरिंगला हात लावला नाही. भाताच्या गिरणीत पोती उचलायला लागला. चाचांनी समजावलं, मी समजावलं. तो पोतं उचलून आत निघून जायचा.

आईचा हात जुळला. एका सकाळी, धो धो पाऊस पडत असताना ती नामाला गिरणीतून घेऊन स्टँडवर आली आणि माझ्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. मला म्हणाली, "तू मागं बस." नामाला म्हणाली, "चालव. कर्नाळ्याला."

"आये, रस्ता निसरडा हाय."

"म्हून तं आयलोय. सुक्या रस्त्यावर काय, कोन पन चालवल!"

नामानं गाडी काढली. त्याच वळणावर गाडी पुन्हा मागून घसरली. मी पुढची सीट घट्ट धरली. नामानं ब्रेकला पाय लावला नाही. स्टेअरिंग हळूच दिलं, हळूच परत घेतलं. गाडी सरळ!

पुढे जाऊन त्यानं गाडी थांबवली, स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि पोरासारखा रडला. मग डोळे पुसत विचारलं, "आये, भ्यालीस काय?"

"मी? मना तं झोप लागली व्हती," आई म्हणाली.

आणि तिच्या मुठीत माझ्या गाडीच्या दाराची मूठ होती. स्क्रूसकट उपटून आलेली!