सुधाकाकूंची किटो स्वारी

अ‍ॅशबर्नमध्ये, इथे अमेरिकेत, चार मराठी घरं शेजारी शेजारी आली की किस्से गराजमधल्या खोक्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत, आणि दर पॉटलकच्या जेवणाला कुणीतरी एखादं खोकं उघडतंच! सध्या चलती आहे ती आमच्या किटोच्या ट्रिपची. किटो म्हणजे इक्वाडोरची राजधानी, साउथ अमेरिकेतली. जे आलेच नव्हते तेसुद्धा हल्ली हे किस्से सांगतात, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. म्हणून म्हटलं, खरं काय झालं ते एकदा आपणच सांगून टाकावं.

मूळ कारण सायली. शेजारच्या बापटकाका आणि सुधाकाकूंची एकुलती एक लेक. जन्म इथलाच. वॉटर इंजिनिअर म्हणून कामासाठी किटोला गेली आणि तिथल्या आंद्रेसच्या प्रेमात पडली. फोनवर म्हणाली, "आई, आय वॉन्ट टु मॅरी हिम. बट ओन्ली इफ यू से येस."

काकू म्हणाल्या, "बघते."

आता मराठी आईच्या या 'बघते'चा अर्थ काय तुम्हाला सांगायचा? शेवटी किटोला जाऊन, मुलगा समोर बसवून, मगच काय ते सांगायचं असं ठरलं.

*

गोष्ट अगदी खाजगी ठेवायची होती. काकूंनी फक्त मला सांगितली. मी फक्त विनयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला. शनिवारी इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडत होते, तर एक अनोळखी बाई जवळ येऊन म्हणाली, "मुलगा स्पॅनिश बोलतो म्हणे?"

विनयनं तोवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून आमची दोघांची तिकिटंसुद्धा बुक केली होती. मॉरल सपोर्ट म्हणून!

काकू वैतागल्या. "अरे, आम्ही मुलगा बघायला चाललोय, पिकनिकला नाही!"

"तर काय झालं काकू? तुम्ही मुलगा बघा, आम्ही राजधानी बघतो!"

*

विनय पडला नागपूरचा. किटो केवढ्या उंचीवर आहे, तिथे दम लागतो, असं सायलीनं सगळ्यांना बजावलं होतं. पण साहेब कसले ऐकतात! "शेहेचाळीस डिग्रीत क्रिकेट खेळलेला माणूस आहे बे मी. हाइटचं काय घेऊन बसलीस!"

पहिल्याच दिवशी जुन्या शहरातल्या चढावर हा क्रिकेटपटू एका दुकानाच्या पायरीवर जो बसला तो उठेचना. आंद्रेसनं त्याची बॅग घेतली. मग जॅकेट घेतलं. मग सरळ बखोटीला धरून त्याला चढ चढवला.

मी हळूच म्हटलं, "काकू, मुलगा गुणी आहे हो."

"विनयला ओढून नेला आणि साधा दमलासुद्धा नाही," काकू म्हणाल्या. "म्हणजे जिमला जातो. जिमला जाणारे घरात काडीची मदत करत नाहीत."

*

दुसऱ्या दिवशी एक जुनं चर्च पाहिलं. आतून छतापासून खांबांपर्यंत नुसतं सोनं! फोटो काढायला बंदी, त्यामुळे आमच्या ग्रुपला नाइलाजानं चर्च डोळ्यांनी बघावं लागलं. विनयची तर चुळबुळ थांबेना.

काकू मान वर करून कितीतरी वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, भारावल्या. मग काकू माझ्या कानाशी आल्या.

"वर्ख आहे गं. मला वाटलं होतं, भरीव असेल." आणि पुढे उभ्या असलेल्या आंद्रेसकडे बघून म्हणाल्या, "माणसांचंही असंच. वरून काही कळत नाही."

आंद्रेसनं वळून विचारलं, "यू लाइक इट, मॅडम?"

"व्हेरी नाइस, थँक यू," काकू म्हणाल्या. पूर्ण ट्रिपभर त्या त्याच्याशी अशाच, बँकेतल्या साहेबाशी बोलावं तशा बोलत होत्या. सायलीचा चेहरा रोज थोडा उतरत होता, आणि मला खरंच पोरीची दया यायला लागली होती.

*

शहराबाहेर विषुववृत्ताचं मोठं स्मारक आहे. जमिनीवर पिवळी रेघ. एक पाय उत्तरेला, एक दक्षिणेला ठेवून फोटो काढायचा. काकांनी जाकीट घालून, भांग पाडून फोटो काढून घेतला. तेवढ्यात विनयनं मोबाइलवर जीपीएस काढलं.

"काका, गडबड आहे! खरी रेषा इथे नाहीच. त्या तिकडे आहे!"

काका मूळचे सदाशिव पेठेतले. म्हणाले, "असेल. ते पृथ्वीनं बघावं. मी फोटो पुन्हा काढणार नाही."

तिथून विनयनं मोर्चा वळवला गाइडकडे. रेषेच्या एका बाजूला बेसिनमधलं पाणी उजवीकडून फिरतं, दुसऱ्या बाजूला डावीकडून, असं तो बिचारा करून दाखवत होता. विनयनं त्याला हे शास्त्रीयदृष्ट्या कसं थोतांड आहे ते समजावायला घेतलं. गाइडनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, अदर ग्रुप्स जस्ट क्लॅप."

काकूंचं मात्र लक्ष रेघेवरच होतं. "सायली, तुझं घर रेघेच्या कुठल्या बाजूला?"

"साउथ, आई."

"म्हणजे पृथ्वीच्या आमच्या अर्ध्यातसुद्धा राहणार नाहीस!" असं म्हणून काकू जाऊन बसमध्ये बसल्या.

*

मग आलं आंद्रेसच्या घरचं जेवण. त्याची आई, लुसियाबाई, सकाळपासून राबत होती. हे लोक बीफ, पोर्क, चिकन खात नाहीत, असं सायलीनं तिला नीट सांगितलं होतं. लुसियाबाईंनी ते अक्षरशः पाळलं. मानाच्या पाहुण्यांसाठी करतात तो मानाचा पदार्थ टेबलावर आला. अख्खा भाजलेला गिनिपिग! चार पाय वर, दात दिसतायत.

लहानपणी सायलीनं एक गिनिपिग पाळला होता. बंड्या. तो गेला तेव्हा काकांनी बॅकयार्डमध्ये खड्डा खणून, वर रामरक्षा म्हटली होती.

काकांनी चष्मा लावला, ताटाकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "सेम टु सेम बंड्या!"

संपलं, म्हटलं! काकू पांढऱ्याफटक. सायलीनं डोळे मिटून घेतले. काहीतरी भयंकर चुकलंय एवढं लुसियाबाईंना कळलं, आणि त्यांचे डोळे भरूनच आले. काकूंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि बाजूचे बटाटे स्वतःच्या हातानं वाढून घेतले. मग पुन्हा एकदा घेतले.

"व्हेरी नाइस, थँक यू."

हॉटेलवर येऊन म्हणाल्या, "उद्या त्यांच्याकडे वरण-भात मी करणार. मग सांगते सायलीला काय ते."

*

दुसऱ्या दिवशी काकूंनी लुसियाबाईंच्या ओट्याचा ताबा घेतला. अ‍ॅशबर्नहून आणलेली तूरडाळ पातेल्यात चढवली. पाणी खळाखळा उकळतंय, आणि डाळ आपली टणक ती टणकच! सायली दारात नखं कुरतडत उभी.

"मॅडम, अप हिअर वॉटर बॉइल्स टू अर्ली," आंद्रेस घाबरत घाबरत म्हणाला.

लुसियाबाईंनी खालच्या कपाटातून एक पोचे पडलेला, जुना कुकर काढला.

"अगंबाई, कुकर!" काकूंना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण हा कुकर शिट्टीच देईना, नुसता एकसारखा फुसफुसत राहिला. "आता तीन कशा मोजायच्या गं?" काकू हवालदिल. लुसियाबाईंनी हातानंच थांबा म्हटलं, कान देऊन ऐकलं आणि गॅस बंद केला. काकूंनी मान डोलावली. दोघी कमरेवर हात ठेवून कुकरकडे बघत उभ्या राहिल्या.

आणि आंद्रेस मदतीला म्हणून पुढे झाला आणि त्यानं झाकणाला हात घातला.

"अरे मेल्या!" काकू अशा कडाडल्या की बाहेरच्या खोलीतून विनय आणि काका धावत आले. "वाफ जाऊ दे ना आधी! तोंड भाजून घेशील, गाढवा! हो बाजूला!" आणि पळीचा एक फटका त्याच्या हातावर बसलासुद्धा.

लुसियाबाईंचा हात तोंडावर. आंद्रेस भिंतीला चिकटून हात चोळतोय. त्यानं हळूच सायलीकडे वळून विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

सायली फ्रिजला टेकून एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

"शी सेड येस."