शंभर फळ्यांचं गलबत

कवठे महांकाळ तालुक्यातल्या ज्या गावात बिराप्पा जहाजं बनवतो, तिथं होडी बुडेल एवढं पाणी कुणी पाहिलेलं नाही. कालव्याला आवर्तन आलं तर गुडघाभर, नाहीतर ग्रामपंचायतीचा टँकर. त्यामुळे त्याच्या शेडवरून जाणारा प्रत्येक माणूस एकदा तरी विचारतोच, "मेजर, गलबत सोडायचं कुठं, टँकरात?" या विनोदाला आता सहा वर्षं झाली. बिराप्पा अजूनही दर वेळी हसून मान डोलावतो, कारण विचारणाऱ्याला वाटत असतं की हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं.

'मेजर' हीसुद्धा गावाचीच देणगी. बिराप्पा बावीस वर्षं नौदलात होता, जहाजावरचा सुतार म्हणून. नौदलात मेजर असा हुद्दाच नसतो, हे त्यानं परत आल्यावर चार-पाच जणांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि "बरं मेजर" म्हणून निघून गेले. या भागात फौजेतून परत आलेला माणूस मेजरच असतो, मग तो तिकडं भाकऱ्या थापत का असेना. आणि अशा मेजरनं पुढं काय करायचं तेही ठरलेलं असतं. एकतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचं, नाहीतर साखर कारखान्याच्या फाटकावर उसाच्या गाड्या मोजत उभं राहायचं. बिराप्पाचा मेहुणा तानाजी फौजेतून हवालदार होऊन आला आणि दुसऱ्याच महिन्यात फाटकावर लागला. दाजींनी मात्र बेदाण्याची जुनी शेड भाड्यानं घेतली, लाकूड कापायचं लेसरचं मशीन बसवलं आणि खोक्यात भरून जहाजाचे तुकडे विकायला काढले. तानाजीला हे आजारपण वाटलं. उतरेल, असं तो बहिणीला सांगत असे.

धंदा असा होता. जुन्या काळी कोकण किनाऱ्यानं चालायचं तसं गलबत, हातभर लांबीचं. त्याचा कणा, बरगड्या, डोलकाठी, शिडाचं कापड, सुतळी, आणि अंगावर बसवायच्या शिवणीच्या लाकडाच्या पातळ फळ्या, बरोबर शंभर. सगळं सुटं. सोबत नकाशा. विकत घेणाऱ्यानं घरी बसून महिना-दोन महिने ते जोडायचं आणि जोडून झालं की कपाटावर ठेवून बघत बसायचं.

गावाला यातलं शेवटचं सोडून काहीच पटलं नाही. सरपंच भाऊसोनं एकदा एक खोकं विकत नेलं, जत्रेत एका पुढाऱ्याचा सत्कार होता म्हणून. शाल झाली, नारळ झाला, आणि भाऊसोनं माईकवर "आमच्या गावचं जहाज" असं म्हणत खोकं उघडलं. आत तुकडे. भाऊसोनं खोकं तसंच मिटलं आणि दुसऱ्या दिवशी शेडवर आणून ठेवलं. "मेजर, वाटंतच मोडलं बघा सगळं. एक बी तुकडा धड न्हाई."

"ते तसंच असतंय भाऊसो. गिऱ्हाइकानं जोडायचं."

"म्हंजी पैसं त्येनं देयाचं आन काम बी त्येनंच करायचं?"

बिराप्पानं खोकं उचलून आत ठेवलं. पण असे लोक असतात, आणि ते साताऱ्यात बसून शोधून काढणारी शिवांजली नावाची मुलगी होती. फौजीचीच मुलगी. पोवई नाक्याजवळ तिचं छंदाच्या वस्तूंचं दुकान होतं आणि इंटरनेटवर त्याहून मोठं. नागपूरचे निवृत्त मुख्याध्यापक, इंदूरचे दातांचे डॉक्टर, कोचीचे कुणी बँकेतले साहेब, असे लोक तिच्याकडून गलबतं मागवायचे. बिराप्पाचा माल घेणारं तेवढं एकच दुकान. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बिराप्पा चाळीस खोकी एसटीनं साताऱ्याला पोहोचवायचा आणि सहा वर्षांत एकदाही गुरुवारचा शुक्रवार झाला नव्हता.

वेळ आणि मोजणी, या दोन गोष्टींत बिराप्पाला कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. मोजणी तर रक्तातच होती. त्याच्या बापानं आयुष्यभर मेंढरं राखली. दिवस कलला की वाघुरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभं राहून एकेका मेंढराच्या पाठीला हात लावत तो मोजायचा, आणि एक कमी भरलं तर जेवायचा नाही. बिराप्पा फळ्या तशाच मोजायचा, बोट लावून. शंभराची जुडी बांधून बायकोच्या पुढं ठेवायचा. मंगल ती पाकिटात भरून, खोक्यात घालून, वर चिकटपट्टी लावायची. मोजलेलं परत मोजायचं नाही, हा त्याचा नियम. परत मोजणं म्हणजे स्वतःवरच संशय घेणं.

इतकी वर्षं नकाशावर फळ्यांचा आकडा नव्हता; यंदा तो छापला आणि लगेच पहिली तक्रार आली, नागपूरच्या मुख्याध्यापकांची. त्यांचं गलबत पूर्ण झालं होतं, दिसायला सुंदर होतं, पण एक फळी उरली होती. नकाशात शंभर, तुमच्याकडून शंभर आल्या असणार, माझ्याकडे एक शिल्लक, अर्थात माझ्या जहाजाला एक कमी लागली आहे. ती कुठली ते कृपया कळवावे. महिन्याभरात इंदूरच्या डॉक्टरांनी कळवलं की त्यांनी एका बाजूच्या सगळ्या फळ्या उचकटून परत बसवल्या, तरी एक उरलीच. कोचीच्या साहेबांनी दोनदा उचकटल्या. त्यांच्या पत्नीनं शिवांजलीला स्वतंत्र फोन करून थोडं वेगळं बोलून घेतलं.

आता कमी भरलं म्हणून भांडणारं गिऱ्हाईक बिराप्पाला समजलं असतं. जास्त निघालं म्हणून झोप उडालेली माणसं त्यानं पहिल्यांदाच पाहिली. पण त्यातली मेख त्याला कळत होती. या लोकांना लाकूड नको होतं, आपलं बरोबर आलं एवढं त्यांना हवं होतं. आणि ते बरोबर येत नव्हतं.

त्यानं मंगलला विचारलं, "जुडी मोजून भरतीस न्हवं?"

"मोजूनच भरती. शंभर," मंगल म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मग चूक नकाशात. बिराप्पानं स्वतः एक गलबत जोडलं. शंभर फळ्या बसल्या, एकही उरली नाही. दुसरं जोडलं. तेही बसलं. तेव्हा त्यानं ठरवलं की आपला हात सरावलेला आहे, नवख्या माणसाकडून फळ्या थोड्या विरळ बसत असणार. चार दिवस बसून त्यानं गलबताची मागची बाजू नव्यानं काढली आणि एका जादा फळीला बळंच जागा केली. ती फळी तिथं नसती तरी चाललं असतं, हे त्याच्या डोळ्याला बोचत होतं. पण नकाशावर त्यानं 'फळ्या १०१' असं छापलं, शिवांजलीला फोन करून "माझीच चूक होती पोरी, सापडली" असं सांगितलं, आणि एकशे एकाच्या जुड्या बांधायला सुरुवात केली.

दीड महिन्यानं शिवांजलीचा फोन आला. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "काका, नव्या खोक्यांतही एक उरतेय. तिघांचे मेल आलेत. लोकांनी साइटवर गलबताच्या फोटोखाली लिहायला सुरुवात केलीय की या माणसाला मोजता येत नाही. या खेपेचा माल येऊ दे, पण त्यातही तेच झालं तर मला थांबवावं लागेल."

या माणसाला मोजता येत नाही. बिराप्पा बराच वेळ मशीनपाशी नुसता बसून राहिला. चाळीस वर्षांपूर्वी एक मेंढरू कमी भरलं म्हणून बाप असाच बसला होता, ते त्याला आठवलं. संध्याकाळी त्यानं स्वतःहून तानाजीला फोन लावला.

तानाजी दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर हजर. निळा गणवेश, शिट्टी आणि नवी टोपी सोबत घेऊनच आला. "पंधरा तारकेपासनं हजर व्हायचं दाजी. लय सोपं काम हाय. गाड्या मोजायच्या, बास."

"मोजायच्या," बिराप्पा म्हणाला.

"तुमच्या हातचं काम हाय ते."

गणवेश शेडमधल्या खिळ्याला अडकवला. चाळीस खोक्यांची शेवटची खेप राहिली होती, तेवढी संपवून मशीन विकायचं ठरलं. बुधवारी दुपारी मंगल भरायला बसली. एरवी बिराप्पा तेव्हा मशीनवर असायचा. त्या दिवशी कापायला काही उरलं नव्हतं म्हणून तो तिच्यासमोर पोत्यावर येऊन बसला. नवरा-बायको एकत्र काम करत होते सहा वर्षं, पण तिचे हात चालताना त्यानं कधी पाहिले नव्हते.

मंगलनं जुडी सोडली. तोंडानं पुटपुटत एकशे एक फळ्या मोजल्या, पाकिटात घातल्या. मग बाजूच्या पत्र्याच्या डब्यात हात घातला, चांगली बघून एक फळी काढली आणि तीही आत सरकवली. डब्यात कापताना वाचलेल्या जादाच्या फळ्या असत. त्या चुलीला जातात असा बिराप्पाचा समज होता.

"ही कसली?" बिराप्पानं विचारलं.

"वरची."

"वरची म्हंजी?"

"आवं, वरची म्हंजी वरची." मंगल पुढच्या जुडीला लागली होती. तिचं माहेर तासगावचं, बेदाण्याच्या शेडवरचं. तिथं खोकं काट्यावर बरोबर भरलं की वर मूठभर टाकायची, मग झाकण. बापानं तिला मापं शिकवली ती अशी. "नेमकं मोजून दिलं तर गिऱ्हाईक काय म्हणंल? लग्नात शंभर रुपय कोन देतं व्हय? आदी शंभर हुत्या तवा एक घालत हुते. मग तुमीच एकशे एक केल्या. मला वाटलं, तुमाला बी समजलं. पर मग ती एक त्येंच्या मापातच गेली की. म्हनून आनिक एक."

बिराप्पाला आधी हसू आलं, मग राग आला, आणि राग जास्त होता. त्यानं तिला मुख्याध्यापक सांगितले, डॉक्टर सांगितले, दोन-दोनदा उचकटलेली गलबतं सांगितली. चार दिवस बसून बिघडवलेला नकाशा सांगितला. खिळ्याला लटकलेल्या गणवेशाकडं बोट केलं. "तुज्या एका फळीपायी फाटकावर हुबा ऱ्हातोय मी. मी आयुष्यात कदी कुनाला एक जास्त न्हाई दिलं आन एक कमी न्हाई दिलं."

"दिलंय की कमी," मंगल म्हणाली. आवाज चढला नव्हता. हातातली मोजणी मात्र थांबली होती. "बावीस वर्सं नोकरी केलीसा. दर साली साठ दिसांची सुट्टी. आन तुमी एकुनसाठाव्या दिशी निघायचा, गाडी चुकंल म्हनून. गाडी एकदा बी चुकली न्हाई. बावीस दिस हुत्यात ते. मी मोजल्यात."

कामावर उशिरा हजर झालो तर शिक्षा होते, हे बिराप्पाला पाठ होतं. लवकर निघालं तर घरी काय होतं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. त्याला आता त्या एकोणसाठाव्या दिवसांतली मंगल आठवायचा प्रयत्न करावा लागला, आणि आठवली ती फक्त पिशवी भरून देताना. मोजून केलेल्या लाडवांवर ती दर वेळी चार लाडू जास्त कोंबायची आणि पिशवी बंद होत नाही म्हणून तो चिडायचा.

मंगलनं भरलेलं पाकीट उलटं केलं आणि वरची फळी काढून डब्यात टाकली. "बरं. नेमकं भरती," ती म्हणाली. तिनं दुसरं पाकीट घेतलं. एकशे एक मोजल्या, घातल्या, आणि चिकटपट्टी लावायच्या आधी तिचा हात सवयीनं डब्याकडं गेला, तिथं थांबला, आणि रिकामा परत आला. हे बिराप्पानं पाहिलं. सलग तीन पाकिटांना पाहिलं. चौथ्याला त्याच्यानं पाहवेना.

तो उठला आणि नकाशा काढून बसला. गलबताच्या मागच्या बाजूला बळंच घुसवलेली ती फळी त्यानं आधी खोडली. गलबत परत शंभराचं झालं, आणि बरं दिसायला लागलं. मग खालच्या ओळीत काय लिहावं यावर तो अडकला. 'फळ्या १००, एक जादा' लिहिलं, तर ती जादाची छापील झाली, आणि छापली की मापात गेली. मंगल वर आणखी एक टाकणार. 'दोन जादा' लिहिलं तर ती तीन टाकेल. या शर्यतीत आपण जिंकत नाही हे त्याला उमगायला अर्धा तास लागला. अर्ध्या मिलिमीटरवरून मशीनशी भांडणाऱ्या त्या माणसानं शेवटी लिहिलं: 'गलबताला फळ्या शंभरच लागतात. पाकिटात थोड्या जास्त निघतील. त्या आमच्याकडून. मोजू नयेत.'

मग त्यानं शिवांजलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती इतकी हसली की पलीकडच्या गिऱ्हाइकानं विचारलं काय झालं. "काका, हे असंच छापा. लोक ठेवून घेतात की परत पाठवतात ते बघू. मी खात्री नाही देत हां."

"नगं देऊस."

"माल उद्या येतोय ना? गुरुवार आहे."

नवे नकाशे रात्रीतही छापून झाले असते. चाळीस खोकी पहाटेच्या एसटीत बसली असती. बिराप्पानं मंगलकडं पाहिलं. ती डबा पुढं ओढून बसली होती, फळी मात्र अजून उचलली नव्हती. खिळ्याचा गणवेश वाऱ्यानं हलत होता. तो उद्या कारखान्यावर तानाजीला परत द्यायला जावं लागणार होतं, आणि तासगाव त्याच वाटेवर होतं. तिच्या माहेरी जाऊन किती वर्षं झाली ते त्याला पटकन मोजता आलं नाही.

"न्हाई पोरी," तो म्हणाला. "शुक्रवारी."

"शुक्रवारी? तुम्ही? काही राहिलंय का?"

"एक दिस ऱ्हायलाय," बिराप्पा म्हणाला. मंगलनं डब्यात हात घातला आणि चांगली बघून एक फळी काढली.