चार पदर, तीन पदर

दस्तगीरचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये डबा उघडत होते. आष्ट्याहून त्यांची मुलगी रेश्मा बोलत होती. "ताई, अब्बा गेले सकाळी..."  मग नाक ओढत म्हणाली, "गिटारीचा पुठ्ठा तुला द्यायला सांगून गेलेत. आठवणीनं घेऊन जा." माणसं जाताना घरादाराचं बोलतात, आमचे चाचा पुठ्ठ्याचं बोलून गेले! मला रडता रडता हसू फुटलं आणि समोरच्या मैत्रिणी घाबरल्या.

त्या पुठ्ठ्यासाठी नऊ वर्षं मागे जावं लागेल. साताऱ्यातल्या एका ऑर्केस्ट्रात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. शेजारी बेंजो, मागे ड्रम. माझं कुणाला ऐकूच जाईना. मग मी शक्कल लढवली. तारांखाली चुंबकाचा पिकअप असतो, तो तारेचा आवाज उचलतो. मी स्क्रू पिळून पिळून तो पार तारांना भिडवला. आवाज दणकून आला, पण वरचा सूर लांबवला की तो थरथरायचा, वेडावाकडा व्हायचा. एका तालमीत आमचे मालक बाजीराव सगळ्यांदेखत म्हणाले, "औंधच्या जत्रंत शेवटचा मोका. पुन्ना बेसूर वाजलं तर तुझा एकटीचा तुकडा बेंजोला आन् तू कोरसात!" घरी येऊन मी गिटार विकायची भाषा काढली. आमचे दादा, म्हणजे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. ते फक्त म्हणाले, "लढायच्या आधीच माघार? ऊठ." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आष्ट्याच्या एसटीत होतो.

चाचांचं दुकान पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं, पण त्या भागातल्या सगळ्या बेंजो पार्ट्यांचे पिकअपही तेच तार गुंडाळून भरायचे. गिटार मांडीवर घेऊन त्यांनी स्क्रू पाहिले. "कुणी पिळलाय ह्यो?" "मीच," मी म्हटलं. चाचा असे हसले, की शेजारचा चहावाला डोकावला. "आगं पोरी, समदी बेंजोवाली हेच करत्यात! जवळ न्हेलं म्हंजी लय वाजतंय, व्हय? चुंबक हाय त्यो. तारंला वढून धरतोय. तिला हलायला जागा नको?" मग त्यांनी खणातून रेश्माच्या लग्नाची एक उरलेली पत्रिका काढली, तिच्या घड्या घातल्या आणि मला गिटारच्या दांडीवरच्या शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरायला लावली. जाड तारांच्या बाजूला पत्रिकेचे चार पदर, बारीक तारांच्या बाजूला तीन. पत्रिकेचा हा पुठ्ठा तार आणि पिकअपच्या मधून न अडकता सरकला पाहिजे. "आता तू पीळ," म्हणत त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी पिकअप खाली नेला, वाजवून बघितलं आणि तोंड पाडलं. "चाचा, आवाज कमी झाला!" "आवाजाला त्यो स्पीकरचा डबा हाय की! बटन फिरीव. सुराला कुठलं बटन हाय, सांग बघू?" हे वाक्य पुढं त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवलं असेल.

औंधला चाचा स्वतः आले आणि स्पीकरच्या मागं उभे राहिले. माझा तुकडा आला. तो वरचा सूर मी धरला आणि सोडलाच नाही... सरळ उभा राहिला पठ्ठ्या! ड्रमवाला मान वळवून बघायला लागला. यमाईच्या डोंगराखालचं मैदान शिट्ट्यांनी दणाणलं, तो तुकडा मला पुन्हा वाजवावा लागला, मग तिसऱ्यांदाही. बाजीराव घाम पुसत ओरडले, "बोर्डावर हिचं नाव वर घाला रं!" मला वाटलं, आता चाचा तोंडभरून कौतुक करतील. ते एवढंच म्हणाले, "थरथरला न्हाई."

त्यानंतर पिकअपचं माप जरा हललं की मी आष्टा गाठायचे. चाचा चिडायचे, "तुला येतंय की गं! कशाला एसटीचे धक्के खातीस?" पण पुठ्ठा त्यांनी मला कधी दिला नाही आणि मीही मागितला नाही. तो मिळाला असता तर जायला निमित्त काय राहिलं असतं? हे दोघांनाही ठाऊक होतं. फार जीव होता माझा त्यांच्यावर...

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर रेश्मानं पुठ्ठा माझ्या हातात ठेवला. गेल्या आठवड्यात, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, पिकअपखालची जुनी स्प्रिंग बदलावी लागली आणि माप गेलं. सूर पुन्हा थरथरला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच आष्ट्याला जाऊन उपयोग नव्हता. तो राग मी मेल्या स्क्रूवर काढला. मग तार दाबली. जाड बाजूला चार पदर, बारीक बाजूला तीन. पाव पाव फेरा देत गेले आणि वरचा सूर धरला. दादा पेपर खाली ठेवून ऐकत होते. सूर विरल्यावर चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "थरथरला न्हाई." मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन घरभर नाचले, चक्क चाळिशीची बाई!

पुठ्ठा आता गिटारच्या पेटीत असतो. घड्यांनी लग्नाची तारीख पुसट झालीय, मांडवाचा पत्ता गेलाय. तळाशी 'आपला नम्र' च्या पुढं चाचांचं नाव मात्र अजून स्वच्छ वाचता येतं. प्रत्येक कार्यक्रमाआधी ते नाव माझ्या सहाही तारांखालून सरकतं... कुठंही न अडकता.