ढाक्याचं सरकार आणि आमच्या उलट्या गोण्या

शिरूरजवळच्या कांद्याच्या वखारीत मी कारकून. इथे कांद्यापेक्षा किस्से जास्त साठतात, आणि त्यांना मोडही येत नाहीत! आमचे मालक आप्पा. त्यांचा सगळा कांदा बांगलादेशात सेलीमभाईंकडे जातो. पंधरा वर्षांची दोस्ती, पण भेट एकदाही नाही. त्यामुळे सरकार ढाक्यात बदलतं आणि बीपी आप्पांचा वाढतो.

*

तिकडचं सरकार पडलं तेव्हा आमचा ट्रक निघून दोन दिवस झाले होते. आप्पांनी घामाघूम होऊन ड्रायव्हर पांडूला फोन लावला.

"पांडू, बॉर्डर बंद झालीया! हायस तिथंच थांब!"

"थांबलोयच की, आप्पा."

"कुठं?"

"भांडगावला. सासुरवाडीची जत्रा हाय न्हवं!"

म्हणजे पार उलट्या दिशेला! बाकीच्यांचा माल बॉर्डरवर सडला, आमचा सुखरूप परत आला. आप्पांनी पांडूला आधी शिव्या घातल्या, मग हार घातला.

*

त्याच आठवड्यात आमच्या सरपंचांवर अविश्वास ठराव आला. ते धावत आप्पांकडे आले.

"आप्पा, आपलं सरकार पडतंय, काहीतरी करा!"

"पडू द्या हो! तिकडं व्यापारमंत्री कोण झाला, तेवढं सांगा!"

*

बॉर्डर उघडली, पण संबंध फाटलेलेच. आमच्या गोण्यांवर दोन देशांचे हात मिळवलेलं चित्र. सेलीमभाईंचा व्हॉइस मेसेज आला, "आप्पाजी, माल भेजो, ये हाथ मत भेजो. यहाँ लोग भडकते हैं."

हजारो गोण्या छापून पडलेल्या! आप्पांनी डोकंच धरलं.

निवडणीवरच्या ताराबाईंनी एक गोणी झटक्यात उलटी केली. "आता चित्र आत गेलं. भरा कांदा!"

ट्रक निर्धास्त पोचला.

*

मग महिनाभर सेलीमभाईंचा फोन बंद. तिकडे रोज दंगलीच्या बातम्या. आप्पांना जेवण जाईना. "धंदा गेला चुलीत, ताराबाई. माणूस तेवढा जित्ता पायजे."

एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. सेलीमभाई! वाळलेले, पण हसत होते. आप्पांच्या डोळ्यांना धार लागली. आयुष्यभर कांद्यात राहून पहिल्यांदाच!

एवढ्यात ताराबाई ओरडल्या, "आप्पा, त्यांच्या मागं बघा!"

सेलीमभाईंच्या खिडकीला आमच्या गोण्या शिवून केलेला पडदा, आणि त्यावर ते हात, ठळक!

आप्पा घाबरले. "सेलीमभाई, वो हाथ निकालो! कोई देखेगा!"

सेलीमभाई हसले. "कौन देखेगा, आप्पाजी? रास्ते से तो उल्टी तरफ ही दिखती है."

आप्पा डोळे पुसून आमच्याकडे वळले.

"चला, गाडी भरा! आन् गोण्या उलट्याच ठेवा!"